आजोबांचा बँजो

मागून उघडा बँजो वाजवणाऱ्याला फारसं काही लपवता येत नाही, हे मला तो विकत घेतानाच कळायला हवं होतं. पुढे ताणलेलं कातडं, पाच तारा, मागे नुसतं गोल लाकडी कडं आणि त्यातून आरपार गेलेली दांडी. त्या दांडीवर कुणीतरी चाकूनं नाव कोरलं होतं, व्हेस्टर सेमोन्स. खाली आणखी काही अक्षरं आणि बारीक रेघा. मी ते नीट वाचलंसुद्धा नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानातून घरी आणला त्याच दिवशी काचकागद घेतला आणि सगळं घासून काढलं.

का? तर आमच्या डोंगरात कुणी नुसतं वाजवत नाही. आधी विचारतात, चाल कुणाकडून आली, वाद्य कुणाचं. माझा बाप कापडगिरणीत कामाला गेला तो तिकडेच मेला. मी चाळिशीत परत आलो, रेकॉर्डवरून शिकलेल्या चाली घेऊन. दर शनिवारी वाजवणारे शेजारच्या हॉबर्टच्या ओसरीवर जमायचे. पहिल्याच शनिवारी त्यानं विचारलं, "कुणाचा रे हा?" मी बेधडक म्हणालो, "आजोबांचा." आजोबांनी जन्मात खेचराच्या लगामाशिवाय काही हातात धरलं नव्हतं.

त्या एका शब्दावर मला ओसरीवर खुर्ची मिळाली आणि चार वर्षं मी तिच्यावर ऐटीत बसलो. बँजोवर मात्र माझा खरा जीव होता. पोटाशी धरला की आवाज मऊ व्हायचा, जरा दूर केला की ओसरी भरून जायची.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी तिथं घेवड्याच्या शेंगा वाळवणासाठी दोऱ्यात ओवायचं काम चाललं होतं. प्रत्येकाच्या मांडीवर टोपली, हातात सुई-दोरा. हॉबर्टच्या बायकोची ऑर्फामावशी डोंगरापलीकडून आली होती. ऐंशी उलटलेली, डोळे जवळजवळ गेलेले, तरी सुई सरसर चालायची. मी वाजवायला लागलो आणि तिची सुई थांबली.

"कुणाचा गं बाई हा?"

"ड्युईच्या आजोबांचा, मावशी," हॉबर्ट म्हणाला. "दर शनिवारी सांगतो. आता आजोबासुद्धा कंटाळले असतील."

सगळे हसले. मीही हसलो.

"माझ्या नवऱ्याचा, व्हेस्टरचा, असाच वाजायचा," ती म्हणाली. "तो आजारी पडला आणि पोरानं परस्पर विकून टाकला. जरा हात लावू?"

नाही कसं म्हणणार? तिनं बँजो मांडीवर पालथा घेतला. बोटं दांडीवरून गेली, परत आली आणि मी घासून घासून खळगा पाडला होता तिथं थांबली. मग ती माझ्या कानाशी वाकली.

"पोरा, आजोबांच्या वस्तूवर कुणी काचकागद फिरवत नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"व्हेस्टरचं नाव गेलं तर गेलं," ती हळूच म्हणाली. "त्याच्या थडग्यावर दगड आहे. दांडीवर त्याच्या नावाखाली आमची लेक होती, आयवा. नऊ दिवस जगली. बर्फात पुरली तिला, नंतर जागासुद्धा सापडली नाही. तिचं नाव तेवढंच, त्या दांडीवर होतं."

त्या रेघा नऊ असणार. मी मोजल्याही नव्हत्या.

"मावशी, तुम्ही घेऊन जा हा," मी कसंबसं म्हणालो.

"मी काय करू नेऊन? वाजवणारा तूच. चाकू आहे?"

होता.

"मग कोर. आधी नाव, मग रेघा."

मी पायरीवर बसून कोरायला लागलो. आयवाचं पहिलं अक्षर वाकडंच आलं. पाचवी रेघ ओढली तोवर हॉबर्टचं लक्ष गेलं.

"अरे ड्युई, आजोबांच्या बँजोवर काय कोरतोयस?"

ओसरीवरच्या सगळ्या सुया थांबल्या. ऑर्फामावशीची तेवढी चालू होती. मी काहीही सांगितलं असतं तरी ती बोलली नसती, हे मला ठाऊक होतं.

"आजोबांचा नाही हा," मी म्हणालो. "व्हेस्टर सेमोन्सचा आहे. त्याच्या मुलीचं नाव मी घासून टाकलं होतं."

मी खाली मान घालून सहावी रेघ ओढली.