आरमारातून विहिरीत

मित्रांनो, मी डच आरमारातला एक जुना योद्धा आहे. योद्धा म्हणजे, फ्रिगेट नावाच्या लढाऊ जहाजाला एक होडी टांगलेली असे, त्या होडीतला चार नख्यांचा लोखंडी गळ.

पण जहाजाची कामगिरी ती माझीच. महायुद्धात आम्ही व्यापारी जहाजांची राखण केली, पाणबुड्यांना पळवलं. पुढे जावाच्या किनाऱ्यावर गस्त घातली. तिथले लोक स्वतंत्र झाले, तेव्हा आम्ही मोठ्या रुबाबात माघारी निघालो. त्यानंतर गंज चढला आणि १९५४ साली मुंबईत आमचं भंगार झालं. मी चिंचवडला, लोखंड ओतण्याच्या एका कारखान्यात आलो. भट्टीत पडणार, एवढ्यात सयाजी फिटरने साहेबाला विचारून मला बाजूला काढलं. "ह्यो आमच्या हिरीच्या कामाचा हाय," म्हणाला.

गावठाणात माझा मान मोठा. कुणाची बादली विहिरीत पडली की मला बोलावणं आलंच.

एकदा सयाजीच्या बायकोच्या, शालनबाईच्या हातून तांब्याची घागर पडली. घागर सासूची, दुर्गाबाईंची. त्यांनी शांतपणे सांगितलं, "घागर घावंस्तवर माहेरी ऱ्हा." शालनबाईने गाठोडं बांधलं, विहिरीच्या काठावर ठेवलं आणि मला पाण्यात सोडलं. सगळी आळी जमली.

पहिल्यांदा चिखल आला. मग बूड नसलेली बादली. तिसऱ्यांदा मी जड झालो. वर आली ती तांब्याची कळशी, काठाला पोचा पडलेली. शेजारच्या सोजराबाईंनी ती चोरली, असं दुर्गाबाई वर्षानुवर्षं सांगत होत्या. त्या पोच्याचं वर्णन ऐकून ऐकून आळीला पाठ झालं होतं, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही.

सोजराबाईंनी कळशीतला गाळ ओतला, ती विसळली आणि दुर्गाबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"मंग आक्का, तुमी कवा निघताय म्हायेराला?"

कुणी हसलं नाही. सगळे पदर तेवढे तोंडाशी गेले. दुर्गाबाईंनी गाठोडं स्वतः उचललं. सुनेला म्हणाल्या, "घरी चल. च्या ठिव. सोजरालाबी बोलीव."

असा पराक्रम मला अटलांटिकमध्येसुद्धा जमला नव्हता. तेव्हा मित्रांनो, जुन्या लोखंडाला कमी लेखू नका. काम झालं की पुसा, तेलाचं बोट लावा, दोरी वाळवून ठेवा.

घागर अजून विहिरीतच आहे.