काचेच्या घंटेवरची धूळ

रेडिओवर कोणीच उत्तर देत नव्हतं. हेडफोन कानाशी दाबून बसलेली ऑपरेटर मेकॅनिककडे पाहायचं टाळत होती आणि तो घड्याळाकडे. विमान त्याची लेक चालवत होती. एव्हाना ते खिंडीच्या चढावर असणार, डोंगराआड, हाकेच्या पलीकडे.

मघाशी टेबल आवरताना त्याला काचेच्या घंटेवरची धूळ दिसली होती. साईसारखी, कुठेही न मोडलेली. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या जादा दाबाला वाट देणारी झडप त्या घंटेखाली ठेवून आतली हवा उपसायची, जमिनीवरच आभाळाची उंची उभी करायची, असा नियम होता. वर हवा विरळ होते आणि झडपेला बाहेरून मिळणारा तिचा आधार सुटतो. तो भरून काढायला आतली सीलबंद पितळी डबी फुगते. डबीला चीर असली तर झडप अवेळी उघडते, इंजिनाचा दम जातो. या वेळी त्याने झडपेची स्प्रिंग आवळली, जमिनीवर दाब बरोबर आला, आणि तपासणीच्या कागदावर घंटेच्या रकान्यातही बरोबरची खूण झाली. सव्वीस वर्षांचा हात. तुमच्या सहीशिवाय मी झोक्यावरही बसणार नाही, असं लेक चेष्टेने म्हणायची.

त्याने त्या धुळीचं सांगितल्यापासून ऑपरेटर हाका देत होती. त्याच्या हातातला पाण्याचा ग्लास ओठांपर्यंत जात नव्हता.

मग खरखर झाली. लेकीचा आवाज सपाट होता. खिंडीच्या तोंडाशी दाब ढासळला. वळले आहे, परत येते आहे.

ती उतरली तेव्हा तो पंखाशी उभा होता. तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

"खडकांवरचं गवत दिसत होतं, बाबा," ती म्हणाली. "आणि मी घोकत काय होते, तर बाबांनी तपासलंय, काही होणार नाही."

डबीने दगा दिला, एवढंच म्हणणं सोपं होतं. ते खोटंही नव्हतं.

"घंटेखाली ठेवलीच नाही गं मी ती झडप," तो म्हणाला. "खूण मात्र केली."

"घाईत?"

"नाही. सवयीने."

ती त्याच्या हातांकडे पाहत राहिली. नवी झडप आजच बसवतो, तुझ्यासमोर घंटेखाली धरतो, असं तो भराभरा सांगत गेला. मग त्याने विचारलं,

"उद्या नेशील ना, माझ्या हातचं विमान?"

तिने हातमोजे काढून पंखावर ठेवले आणि तापलेल्या धावपट्टीच्या कडेकडेने ती फाटकाकडे चालू लागली.