चोवीस टक्क्यांचा टोमॅटो

“चोवीस टक्के! चोवीस टक्केवाल्याला मी माझ्या गच्चीत पाय ठेवू देणार नाही.”

“टोमॅटोला पाय नसतात बाबा, मुळं असतात.”

“उलट बोलायचं नाही.”

“सरळच बोलतोय. उलटा तुमचा तक्ता आहे.”

आईने हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. म्हणजे आता दोघांनीही तोंड मिटायचं. मिटलं. साधारण अर्धा मिनिट.

गच्चीवर, उघड्यावर, कोणता टोमॅटो लावायचा यावरून हे चाललं होतं. दुसऱ्या कुठल्याही घरात हा प्रश्न चहा निवायच्या आत सुटला असता. आमच्या घरात बाबा आहेत. बाबा शाळांच्या निकालाच्या ऑफिसात कारकून. बावीस वर्षं मार्कांच्या बेरजा करतायत. त्यांच्या बेरजेत आजवर एकही चूक निघालेली नाही, हे ते जेवताना सांगतात आणि कुणी मान हलवली नाही तर परत सांगतात.

तर बाबांनी नर्सरीतून रोपांची यादी आणली. सोळा वाण. ऑफिसातून आणलेल्या आखीव कागदावर तक्ता मांडला. फळाचं वजन किती ग्रॅम, झाडाची उंची किती सेंटीमीटर, पिकायला दिवस किती. आणि मग त्या माणसाने, मी शपथेवर सांगतो, या तिन्ही आकड्यांची बेरीज केली.

पहिला आला सम्राट. अडीचशे ग्रॅमचं फळ, दोनशे सेंटीमीटर उंची, पिकायला एकशे पंधरा दिवस. एकूण पाचशे पासष्ट. सगळ्यात शेवटी एक ठेंगणा. त्याला धड नाव पण नव्हतं, यादीत नुसतं ‘चौदा ब, मोकळ्या जागेसाठी’. मी त्याला गोटी म्हणायचो. पंधरा ग्रॅम, साठ सेंटीमीटर, बासष्ट दिवस. एकूण एकशे सदतीस. पहिल्याच्या तुलनेत चोवीस टक्के. नापास.

“अहो बाबा, उशिरा पिकतो म्हणून जास्त मार्क?”

“एकशे पंधरा दिवस मेहनत घेतो तो. हा बासष्ट दिवसांत पेपर टाकून उठतो. तुझ्यासारखा.”

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. नववीत मी शाळा सोडली हे खरं आहे. शाळेनेही दार अडवून धरलं नव्हतं. पण म्हणून टोमॅटोच्या तोंडून मला ऐकवायचं?

आणि टोमॅटोतलं मला कळत होतं. शाळा सुटल्यापासून मी वळणावरच्या नर्सरीच्या कुंपणाला लटकलेला असायचो. नर्सरी एका बाईंची आहे, सगळे त्यांना रोपवाल्या मावशी म्हणतात. एक दिवस त्या ओरडल्या, “लटकतोस कशाला? आत ये, तो ट्रे उचल.” तेव्हापासून ट्रे उचलत होतो आणि ऐकत होतो. लोक येणार, पाकिटावरचा फोटो बघणार आणि सगळ्यात लालबुंद, सगळ्यात मोठ्या फळावर बोट ठेवणार. मावशी विचारणार, “वारा किती येतो? ऊन कधीपर्यंत असतं? पावसात पानं ओलीच राहतात का?” लोक म्हणणार, “ते माहीत नाही हो, पण हा छान दिसतो.” लग्न ठरवायला आल्यासारखे वागतात.

आमची गच्ची चौथ्या मजल्यावर. पाण्याच्या टाकीशेजारून वारा असा घुसतो की वाळत घातलेली चादर शेजारच्या गच्चीवरून मागून आणावी लागते. तिथे दोन मीटरचं झाड आणि त्याला पाव किलोची फळं! खालच्या मजल्यावरच्या पोराला विचारा, तोही हसेल.

एवढं सगळं मी मनाला का लावून घेत होतो, तर मावशींनी मला विचारलं होतं, “माझा कामावरचा माणूस तीन महिन्यांनी, तेरा तारखेला, सोडून चाललाय. त्याच्या जागी येतोस? गिऱ्हाइकाला नीट रोप निवडून द्यायचं, एवढंच काम. पण अठराच्या आतला आहेस. घरून सही आण.” त्यांनी कागदही दिला. मी तो टेबलावर ठेवला. बाबांनी शेजारी दुसरा कागद ठेवला. बाहेरून परीक्षा द्यायचा फॉर्म.

“याचीही शेवटची तारीख तेराच आहे,” बाबा म्हणाले. “मग त्या दिवशी गच्चीवरच निकाल लावू. ज्याचा माल वजनात जास्त, तो पास. तू जिंकलास तर तुझ्या कागदावर सही. मी जिंकलो तर फॉर्म भरायचा आणि परत तोंड वर करायचं नाही.”

मी बोटांवर मोजलं. लावणीपासून तेरा तारखेपर्यंत नव्वद दिवस. सम्राटाला लागतात एकशे पंधरा. बेरीज करणाऱ्या माणसाला वजाबाकी सुचली नव्हती. मी गुपचूप म्हणालो, “चालेल.” आणि इथेच माती खाल्ली.

रंगाचे दहा रिकामे डबे होते. बाबांनी तेही मार्कांच्या प्रमाणात वाटले. सम्राटाला आठ, गोटीला दोन.

सम्राट वाढले, नाही असं नाही. रोज सकाळी बाबा पट्टी घेऊन वर जायचे आणि उंची टिपून आणायचे. झाडं वाकायला लागल्यावर आधाराला आधी काठ्या गेल्या, मग पडद्याचा दांडा गेला, मग ताईची छत्री गेली. एके दिवशी आई हॉस्पिटलच्या लाँड्रीतून ड्युटी करून आली आणि म्हणाली, “फरशी कशाने पुसू? माझा मॉप टोमॅटो धरून उभा आहे.”

पन्नासाव्या दिवशी वारा आला. नेहमीचाच, काही वादळ वगैरे नाही. तीन सम्राट मॉपसकट आडवे. बाबा खाली आले, वही उघडली आणि त्या तिघांपुढे लिहिलं, ‘गैरहजर’.

“मेलेत ते,” मी म्हणालो.

“तसा रकाना नाही.”

माझ्या दोन गोट्या डब्यात मांडी घालून बसल्यासारख्या बसल्या होत्या. वारा डोक्यावरून जायचा. एकसष्टाव्या दिवशी पहिलं फळ लाल झालं, एक दिवस आधीच. मग एक दिवसाआड वाटीभर. ताई कुरिअरच्या ऑफिसात जाताना तोंडात टाकून जायची. आई मीठ लावून खायची. बाबा हात लावायचे नाहीत. “नापासाचं मी खात नाही,” असं म्हणाले होते.

फक्त त्यांच्या मिशीत बिया असायच्या. रोज सकाळी. आणि त्यांच्या जेवणाच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात लाल डाग. मी मनात म्हटलं, खा, खा, तेरा तारीख येऊ दे.

आज तेरा तारीख.

सकाळी वर गेलो तर बाबा सम्राट तोडत होते. हिरवे. दगडासारखे हिरवे, एकालाही लाली नाही. पाच झाडं ओरबाडून पिशवी भरली होती.

“हे काय करताय?”

“निकाल.”

“कच्चे आहेत ते!”

“पिकलेलेच हवेत असं कुठे ठरलं होतं? ठरलं होतं वजन.” आणि ताईकडे हात केला, “काटा दे गं.”

ताईने ऑफिसातून पार्सल तोलायचा काटा आणला होता, आकडा लावून उचलायचा. बाबांची पिशवी पाच किलो आठशे भरली. मग माझी वाटी. काल आईने वाटीतलं अर्धं संपवलं होतं, झाडावर आज पिकलेले जेमतेम बारा-तेरा. पिशवीत घालून काट्याला लावले. काटा हललाच नाही. पार्सलचा काटा तो, त्याच्या दृष्टीने गोटी जन्मालाच आली नव्हती.

“शून्य,” बाबा म्हणाले आणि खिशातून पेन काढलं.

मी रंगाच्या रिकाम्या डब्याला अशी लाथ मारली की तो टाकीवर आदळून परत आला. “महिनाभर सगळ्या घराने खाल्लेत माझे टोमॅटो! ते कुठे गेले?”

“परीक्षेआधी संपलेला माल धरत नाहीत.”

“आणि तुम्ही खाल्लेले?”

“मी? मी कशाला...”

“रोज डब्यात कोण नेत होतं मग?” आईने विचारलं. ती जिन्याच्या दारात उभी होती, हातात लाटणंबिटणं काही नाही, तरी बाबा एक पाऊल मागे सरकले. “मी भरते डबा. खालचा कप्पा मी कधी भरला नाही.”

“ते एकदोन... साहेबांना चव दाखवायला.”

“एकदोन?” ताई हसायलाच लागली. “काल साहेबांच्या मिसेसचा फोन आला होता ना, तुम्ही अंघोळीला गेला होतात तेव्हा. म्हणाल्या, ‘तुझ्या बाबांनी स्वतः निवडून लावलेत म्हणे. किती अभ्यास आहे त्यांचा! आमच्या बाल्कनीला पण सहा रोपं हवीत, सोमवारपर्यंत.’ मी म्हटलं, सांगते.”

बाबा हिरव्या पिशवीकडे बघत होते. सहा सम्राट साहेबांच्या बाल्कनीत उभे राहिलेले त्यांना बहुतेक दिसले. आणि साहेबांच्या घरचा मॉप.

माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्याचं... त्या बारक्याचं नाव काय रे?”

“नापास.”

“नीट सांग.”

“नाव नाही त्याला. चौदा ब. पण मावशी असंच कुणालाही देत नाहीत. आधी बाल्कनीचं तोंड कुठे, वारा किती, सगळं विचारतात. विचारणारा माणूस आज सोडून चाललाय. नवीन कोण येतोय ते त्यांनाही माहीत नाही.”

हे मी एका दमात बोललो. आवाज चिरकला, पण बोललो.

बाबा खाली आले. टेबलाशी बसले. फॉर्म बाजूला सरकवला आणि मावशींचा कागद पहिल्यांदाच हातात घेतला. तीन महिने तो तिथेच पडला होता. एकदा वाचला, परत वाचला. पेनाचं टोक एका ओळीवर थांबलं आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद दिसला.

“रोजचे आठ तास, सहा दिवस. यांनी आठवड्याचे लिहिलेत शेहेचाळीस. अठ्ठेचाळीस होतात.”

“मग?”

“मग काय मग? बेरीज करता येत नाही त्या बाईंना. असल्या ठिकाणी घरातलं कुणीतरी हवंच.” त्यांनी शेहेचाळीस खोडलं, वर अठ्ठेचाळीस लिहिलं आणि खाली सही केली. पूर्ण नाव, तारीख, सहीखाली दोन रेघा. तक्ता चुकला होता हे काही बोलले नाहीत. बोलणारही नाहीत. परीक्षेचा फॉर्म मात्र घडी करून माझ्या खिशात कोंबला. “पुढची तारीख मागे लिहिलीय. हरवू नकोस.”

आता ते सांगतायत की साहेबांची बाल्कनी पूर्वेला आहे, मग म्हणतायत थांब, पश्चिमेला असेल, मग म्हणतायत सहाच्या ऐवजी आठ आण, आपल्याकडे डबे रिकामे आहेत. आई विचारतेय या पाच किलो कच्च्यांचं मी काय करू. नर्सरीतून रोपांची गाडी साडेनऊला सुटते, आता सव्वानऊ झालेत, आणि मला निघायलाच हवं.