दर्याबाबांचं तीर्थ आणि सुकाणूचा बोल्ट

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर ही गर्दी! नविनच्या फायबर होडीला म्हणे रक्त फुटलं होतं. सुकाणूच्या बोल्टांखालून दोन्ही बाजूंना तांबडे ओघळ आले होते, भोवती पांढरे खवले धरले होते.

"भाईलोक, तांबडं ते दर्याचं रगत, पांढरं ते त्याचं कोड!" वेवजी गावाकडून आलेले दर्याबाबा गरजले. एका बाजूच्या डागावर त्यांनी तीर्थात भिजवलेलं फडकं दाबलं आणि लांबलचक आरती धरली. खवल्यांतून फसफसून फेस आला. "बघा, कोप बाहेर पडतोय!" आरती संपली, फडकं फिरलं, होडी लख्ख झाली. माणसं बाबांच्या पायांवर लोळली.

"दुसरी बाजू उद्या, दुसऱ्या कोंबडीवर. आन् बोल्टाला पान्हा लावायचा नाय, मंत्र उतरेल."

नविन लगेच कबूल. त्याची बायको हिरू, बालवाडीची बाई, तिला मात्र हे पटेना. पूजा आटोपली की नवरा याच होडीतून दर्यात जाणार होता. शिवाय बाबांच्या तीर्थाच्या कलशावर चिलटं घोंगावत होती आणि गुलाबपाण्याच्या आडून ओळखीचा आंबूस वास येत होता. घोटात ताडीची पारख करणाऱ्या गावाला कलशातली ताडी काही ओळखता आली नव्हती!

हिरूने ताडी विकणाऱ्या तानीमावशीकडून फेकून द्यायची शिळी ताडी आणली, फडकं भिजवून दुसऱ्या बाजूला दाबलं.

"मला आरती येत नाही. मी पाढे म्हणते."

लोक हसले. एकोणतीसचा पाढा होईतो फेस आला, डाग गेला.

"आंबटाने खवल्यांतला चुना विरघळतो, गंज सुटतो. चिंचेने तांब्या घासताच ना? फक्त मुरायला वेळ लागतो. बाबांची आरती त्यासाठीच लांब."

बाबा कोंबडी काखेत मारून केव्हाच पसार झाले होते.

"नविन, पान्हा लाव."

"अगं, पण मंत्र..."

"उतरू दे मंत्र. मला तू परत आलेला पाहिजेस."

नविनने पान्हा लावला, जरासा पिळला. बोल्टाचं डोकं तुटून वाळूत पडलं. नविनने ते उचलून हिरूच्या हातात दिलं. हिरूला संतापाने रडू फुटलं.

तांबडा ओघळ एवढंच सांगत होता की आत लोखंड खाल्लं जातंय. बाबांनी तो पुसला आणि गाव त्यांच्या पायांवर लोळलं. नारळ वाहा, आरती म्हणा, कोणी अडवत नाही. पण डाग कुठून आला ते आधी बघा, बोल्ट बदला आणि मगच होडी पाण्यात लोटा.