मला भंगारात न्यायला आले होते

मी चार्जर बोलतोय. राखाडी पत्र्याचा, दोन माणसांनी उचलावा इतका जड. लंडनच्या पिनर भागातल्या एका गॅरेजच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. मला भंगार म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांनी आधी माझं ऐकून घ्यावं आणि मग मला हात लावावा.

माझ्या पोटात तांब्याच्या तारेची भली मोठी गुंडाळी आहे आणि छातीवर वीज मोजणारा एक काटा आहे. कारखान्यातून निघालो तो थेट एका डेअरीच्या डेपोत गेलो. दूधवाले दुपारी परत यायचे, आपल्या बॅटरीवरच्या गाड्या आम्हाला जोडायचे आणि घरी जायचे. सकाळपर्यंत आम्ही गाड्या भरून ठेवायचो. एक दिवसही मी सुट्टी मागितली नाही. पण लोक सुपरमार्केटातून दूध आणायला लागले आणि अठ्ठ्याऐंशी साली डेपोला कुलूप लागलं.

तिथून मला यशोधनने उचललं. तो ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, डेपोत इलेक्ट्रिशियन होता. एका जुन्या छोट्या गाडीचं पेट्रोल इंजिन काढून त्याने तिला मोटर बसवली होती, मागच्या डिकीत बॅटऱ्या मांडल्या होत्या. रस्त्यावर मित्र ओरडायचे, "यशोधन, दोन पाइंट दूध ठेवून जा रे!" तो हात हलवायचा आणि आवाज न करता निघून जायचा.

शशी त्याचा धाकटा भाऊ. शाळा अर्धवट सोडलेला, टायरच्या दुकानात काम करणारा, डोक्यात आलं की करून मोकळा होणारा. गाडी बनवताना टॉर्च धरून उभा असायचा तो हाच.

दर दसऱ्याला यशोधन आपल्या हत्यारांची पूजा करायचा. त्यात माझीही. पण आधी मला बंद करायचा, गॅरेजचं दार सताड उघडायचा, निवांत चहा प्यायचा आणि मगच निरांजन लावायचा. शशीला वाटायचं, दादा शेजाऱ्यांना पूजा दिसावी म्हणून दार उघडतो.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये यशोधन कामावर गेला आणि परत आला नाही. छातीत कळ आली आणि संपलं. वय छत्तीस.

शशीने गाडी गॅरेजमध्ये घातली आणि दार ओढून घेतलं. गाडी कोणी चालवत नव्हतं, तरी तो रोज येऊन मला चालू करायचा. भरलेली बॅटरी परत भरायची, परत भरायची. दादाची गाडी तयार असली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात. मी गुरगुरत राहायचो. काय करणार, मला नाही म्हणता येत नाही.

मग दसरा आला. घरात वर्षाच्या आत सण नव्हता. घरातले वडीलधारे श्रीकांतमामा, त्यांनी बजावलं होतं, "यंदा पूजा-बिजा काही नाही." शशी म्हणाला, "सण नको. पण दादाच्या हत्याराला फूलही नाही घालायचं? मी घालणार." कोणी बघू नये म्हणून त्याने दार आतून बंद केलं. मी चालूच होतो. डिकी उघडून त्याने बॅटऱ्यांसमोर निरांजन पेटवलं.

मोठा आवाज झाला. एका बॅटरीचं झाकण छताला जाऊन आपटलं. शशीच्या भुवया जळल्या, हातावर ॲसिड उडालं.

उल्कावहिनी, यशोधनची बायको, भांडी घासायचा पाण्याचा टब तसाच उचलून धावत आली. पाणी त्याच्या हातावर ओतत राहिली आणि ओरडत राहिली, "तूही जा आता! एक गेला तो पुरे नाही झाला का रे?"

मामांनी घरी फोन केला. "शनिवारी भंगारवाला येतोय. गाडी जाईल, आणि हा डबापण."

शशी म्हणाला, "आधी मला टाका त्या ट्रकमध्ये."

वहिनीने त्याच्या हाताला मलम लावलं. मग म्हणाली, "शनिवारच्या आत मला सांग, हे चार्जिंग कुठे आणि कसं करायचं. मला पटलं तर राहील. नाहीतर मामा म्हणतात ते होईल."

शशीने आयझॅककाकांना बोलावलं. यशोधनबरोबर डेपोत काम करणारे, मूळ मुंबईचे ज्यू. त्यांनी फुटलेली बॅटरी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अरे येड्या, बॅटरी भरताना गॅस सुटतो. पेट घेणारा. मयताच्या नावाने दिवा आमच्यातही लावतात, पण बॅटरीसमोर नाही!"

"मग दादा दार उघडायचा ते..."

"गॅस जायला. तुला काय वाटलं, लक्ष्मी यायला?"

शशी हसला नाही. म्हणाला, "किचनमधून वायर ओढू?"

"केटल, वॉशिंग मशीन आणि हा रेडा, सगळे एकाच सॉकेटवर? घर जाळायचंय का? मीटरपासून याला स्वतःची जाड वायर देतो. हा इथे दाराशी, कोरड्यात. आणि गाडी बाहेर ड्राइव्हवर, घरासमोर उघड्यावर. एवढंच."

शशीचा चेहरा उतरला. ड्राइव्ह किचनच्या खिडकीसमोर होता. मार्चपासून वहिनीने त्या गाडीकडे पाहिलं नव्हतं.

त्याने तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गाडी दिसली की मी चहा टाकायचे. आता ती रोज दिसणार, आणि आतून तो उतरणार नाही."

"मी खिडकीला पडदा लावून देतो, वहिनी. आत्ता लावतो."

"पडदा कशाला? माझा नवरा काय चोरून घरी यायचा?" तिने डोळे पुसले. "दिसू दे."

शनिवारी ट्रक आला. मामा बाहेर उभे होते. वहिनी स्वतः पुढे गेली आणि भंगारवाल्याला तिने फुटलेली बॅटरी दाखवली. "एवढीच न्यायची आहे."

"उल्का, लोक काय म्हणतील?" मामा म्हणाले.

"मामा, लोकांनी बघावं म्हणूनच बाहेर ठेवतेय."

पुढच्या आठवड्यात आयझॅककाकांनी नवी वायर टाकली आणि बॅटरीही बदलून दिली. शशी पहिल्यांदाच ती गाडी घेऊन कामावर गेला. संध्याकाळी ती ड्राइव्हवर येऊन थांबली. वहिनी खिडकीत उभी होती. दार उघडलं, शशी उतरला. तिने तोंड फिरवलं नाही. दोन्ही हातांनी ओटा धरून ती बघत राहिली.

शशीने केबल जोडली, बटण दाबलं. माझा काटा वर चढला.

यशोधनला मी परत आणू शकत नाही. जगातला कुठलाच चार्जर ते करू शकत नाही. पण सकाळी ही गाडी निघेल, ते काम माझं. भंगारवाल्यांनो, परत यायचं असेल तर खुशाल या. मात्र आधी त्या खिडकीतल्या बाईला विचारा.