कच्ची रताळी

आमच्या बेटावर कुणाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. बोट आली नाही म्हटलं की काम भागतं. हिवाळ्यात लाटा धक्क्यावर चढतात आणि बोट लांबूनच भोंगा वाजवून माघारी फिरते.

शेजारच्या त्सुयुला तिचा मुलगा मासातो कायमचं टोकियोला बोलावत होता. लेकाला नाही म्हणणं तिला जमलं नाही. तिने चूल विझवली, गाद्या मला देऊन टाकल्या. दोनदा बोट फिरली, दोन्ही वेळा गाद्या मी तिच्या घरी परत वाहिल्या.

"जा बाई एकदाची, माझी कंबर गेली," असं मी म्हणायची. मनात मात्र लाटांनाच हात जोडायची. तिच्याशिवाय मी भांडणार कुणाशी?

तिसऱ्या वेळी समुद्र अगदी गरीब गाय. निघणाऱ्याच्या हाती डोंगराच्या वाफेवर शिजलेली रताळी दिल्याशिवाय आम्ही त्याला बोटीत चढू देत नाही. हाच डोंगर फुटला तेव्हा आमचे पूर्वज होड्यांतून पळाले. पन्नास वर्षांनी परतले ते याच वाफेवर रताळी शिजवून जेवले. म्हणून ती द्यायची, माणूस परत यावा म्हणून.

मी सकाळीच रताळी वाफेच्या खड्ड्यात ठेवली, वाफेची तोटी उघडली आणि तिचं सामान बांधायला गेले. त्सुयु म्हणाली, "देवाच्या पाया पडून येते." बराच वेळ लावला तिने.

भोंगा वाजला. मी धावत जाऊन झाकण काढलं, तर रताळी थंडगार, कच्ची. तोटी बंद.

मागून येऊन त्सुयु म्हणाली, "वाफ रुसली असेल गं."

"जन्मात कधी रुसली नाही ती."

"म्हातारी झाली असेल."

तिच्या तळहातावर लालभडक चटका होता. मी बघितल्यावर तिने मूठ मिटली. कप्तान काही थांबला नाही. बोट गेली आणि मला इतका आनंद झाला की मी तिला चटक्यावर लावायला तेल आणून दिलं.

संध्याकाळी मासातोचा फोन आला. त्सुयुने तो माझ्याच हातात कोंबला.

"काकू, आज तर समुद्र शांत होता म्हणतात. बोट नाही आली?"

"आली होती रे. रताळीच शिजली नाहीत."

कितीही शिकला तरी पोर इथलंच.

"मग कशी निघणार ती," तो हळूच म्हणाला. "काकू, तिच्या गाद्या तेवढ्या परत द्या."