केबलचं माहेर

“ढील काप, ताई. स्क्रीन आत बसत नाहीये.”

धाकटा भाऊ स्क्रीनच्या भिंतीच्या पुढून बोलला. ताई मागच्या बोळात, एक खांदा हॉलच्या भिंतीला, दुसरा स्क्रीनच्या सांगाड्याला लावून उभी होती. बाकीच्या स्क्रीन चढल्या होत्या. एकाच चौकोनाची खिडकी उरली होती, तीतून भावाचे फक्त हात आणि सदऱ्याची बटणं दिसत होती.

केबलींच्या वाटा तिनेच आखल्या होत्या. वीज डावीकडून, चित्र उजवीकडून. शेजारी नेल्या तर चित्राला कंप सुटतो. वडिलांनी दोघा भावंडांना ते गाण्यातून शिकवलं होतं:

वीज चाले डाव्या अंगा, चित्र चाले उजव्या अंगा,
मधी नको गाठभेट, सवती-सवतींचा दंगा.

आणि प्रत्येक केबलीच्या मागे एक सैल वेटोळं. उद्या स्क्रीन बिघडली, पुढे ओढली, तर केबलही हिसका न बसता पुढे यावी. सगळे त्याला ढील म्हणत. वडील माहेर म्हणत. “मागे थोडं माहेर असलं की ओढ लागली तरी तुटत नाही.”

“वेटोळं सांगाड्याला बांधते की,” ती म्हणाली. “कापायचं कशाला?”

“बांधायला जागा आहे का तिथे?”

“करता येते जागा.”

“तुला कुठेही जागा करता येते. बघतोच आहोत आम्ही.”

नवरा सोडून आल्यापासून ती भावाकडे शिवणयंत्राच्या खोलीत झोपत होती. यंत्र वहिनीच्या पलंगाशी गेलं होतं. वहिनी रोज सकाळी त्याला अडखळे आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं ‘आई गं’ म्हणे.

“वहिनी काही म्हणाली का?”

“तिने कशाला म्हणायला हवं? मला तोंड नाही? पोरीला अभ्यासाला खोली हवी. तू बघ कुठेतरी.”

“कुठेतरी म्हणजे कुठे?”

“तिकडे जमवून घेतलं असतंस, तर ही पाळी आली नसती.”

“त्याने हात उचलला तेव्हा तूच न्यायला आला होतास.”

“आणलं ना? आता जन्मभर डोक्यावर घेऊन नाचू? काम कर. जागा नाही म्हटलं ना.”

“केबलीला, की मला?”

खिडकीतले हात थांबले.

“दोघींना धर.”

तिने पक्कड उचलली. वेटोळं कापलं, केबलीला नवं टोक बसवलं. वीतभर ढील ठेवता आली असती. ठेवली नाही.

“घे. कापली.”

भावाने स्क्रीन छातीशी उचलून धरली, एका हाताने केबल चाचपली. टोक रिकाम्या चौकोनातून जेमतेम डोकावलं आणि ताठ झालं. त्याने ओढून पाहिलं.

“पोचत नाहीये गं.”

त्याने स्क्रीन छातीशी आणखी घट्ट धरली.

“ताई, हात भरून आले माझे. जरा माहेर सोड तिला.”

शब्द सवयीने तोंडातून गेला. तो काय बोलला, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

बोळात ती कापलेलं वेटोळं हातात घेऊन उभी होती.

“उरलं नाही,” ती म्हणाली.

शिव्या घालत त्याने स्क्रीन खाली उतरवली. ताईने वेटोळं पिशवीत टाकलं, वर पक्कड ठेवली आणि आडवी सरकत बोळाबाहेर आली.

“नवीन केबल ओढावी लागेल. चाललीस कुठे?”

“खोली संध्याकाळपर्यंत रिकामी करते. पोरीला सांग.”

ती दारापर्यंत गेली, तेवढ्यात कुणीतरी भिंत चालू करून पाहिली. हॉलभर निळं आभाळ पसरलं. त्यात एक चौकोन काळा राहिला होता, आणि त्यातून केबलीचं टोक जेमतेम डोकावत होतं.